टेम्पोत काय होतं

आता सगळं पार पडलंय. कपाट जिन्यातून वर गेलं, उखळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलं, आणि बाबांची कंबर दोन दिवसांत सरळ झाली. म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र आमच्या घरात कुणालाही शांत झोप नव्हती, आणि त्याला कारण होता बाबांचा चार ओळींचा एक मेल.

माझा दादा अर्जुन रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची बायको चिनेलो तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. ती इग्बो, नायजेरियाच्या पूर्व भागातली. जन्म मात्र मँचेस्टरचा. त्यांचं रजिस्टर लग्न एप्रिलमध्ये झालं होतं, पण तिच्या घरच्यांच्या, उमेह कुटुंबाच्या लेखी ती फक्त कागदावरची सही. खरं लग्न एकवीस जूनला, मँचेस्टरच्या एका हॉलमध्ये, जिथे वडील सगळ्या नातेवाइकांसमोर मुलीला देणार होते. ते होईपर्यंत चिनेलो दादाच्या फ्लॅटवर राहायला येणार नव्हती. दादाला हे मान्य होतं. चिनेलोला तर होतंच.

या समारंभासाठी मुलाकडच्यांनी काय आणायचं याची यादी असते. कोनफळाच्या जातीचे मांडीएवढे कंद, पेयांचे क्रेट, मिठाच्या पिशव्या, कापडं. बाबांनी ती यादी बघून एकदाही भुवई उंचावली नाही. स्वतः गाडी काढून लंडनच्या बाजारातून कंद आणले. देण्याबद्दल बाबांची कधीच तक्रार नसते. तक्रार असते ती घेण्याबद्दल.

सोमवारी संध्याकाळी चिनेलोच्या वडिलांनी, म्हणजे उमेह अंकलनी, बाबांना फोन केला आणि विचारलं, "अर्जुनच्या बिल्डिंगचा जिना किती रुंद आहे?"

"कशासाठी?"

"वॉर्डरोब जायला हवा ना. गादीचं काही नाही, गादी वाकते."

बाबा 'बघून सांगतो' म्हणाले, फोन ठेवला आणि मेल लिहायला बसले. मग व्हिडिओ कॉलवर तो आम्हाला वाचून दाखवला. मी मँचेस्टरला माझ्या खोलीत, दादा रीडिंगला, आई-बाबा वॉटफर्डला. मेल इंग्रजीत होता आणि सभ्य होता. आपल्या कन्येखेरीज आम्हाला आपल्याकडून काहीही नको. आमच्या घराण्याचं हे तत्त्व आहे. कृपया काहीही पाठवू नये. आल्यास नाइलाजाने परत करावं लागेल.

"मुलगी आणि नारळ," दादा म्हणाला. "नारळ कुठाय त्यात?"

"इथे माणसाला नारळ म्हटलं की शिवी होते, गाढवा. वरून तपकिरी, आतून गोरा."

आम्ही हसलो. आई कॅमेऱ्यात नव्हती. ती चहा टाकायला गेली होती.

मेल गेला. मंगळवारी उत्तर नाही, बुधवारी नाही. गुरुवारी दुपारी दादाचा मला फोन आला. त्याचा आवाज वेगळाच येत होता.

"शाल्मली, चिनेलो रडतेय. तिचे बाबा म्हणतात, जे घर माझ्या वस्तू दारातून परत पाठवणार, त्या घराला मी मुलगी देणार नाही. सोमवारी हॉलवाल्याला फोन करून कॅन्सल करणार आहेत."

"पण तुमचं लग्न तर झालंय."

"तिला विचार झालंय का. ती म्हणते, बाबांनी दिल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि तिचे बाबा फोन उचलत नाहीयेत, आपल्या बाबांचाही नाही. तू तिथेच आहेस ना मँचेस्टरला? जा ना प्लीज."

"जाऊन मी काय करू?"

"प्रश्न विचार. तुला तेच येतं."

हे थोडं लागलं, पण खोटं नव्हतं. मी केमिस्ट्री शिकले आणि आता पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल मत देण्याआधी ती मोजावी, एवढंच मला नीट येतं. शुक्रवारी कामावरून लवकर निघाले आणि ट्रॅमने उमेहांकडे गेले.

दार अंकलनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, "ये" म्हणाले आणि मागच्या बागेत निघून गेले. आंटी, म्हणजे चिनेलोची आई, आल्या, माझा कोट घेतला आणि मला पुढच्या खोलीत नेलं. तिथे बसायला जागा नव्हती.

वॉर्डरोब तीन खोक्यांत असेल असं मला वाटलं होतं. तो अख्खा उभा होता, भरीव लाकडाचा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी भिंतीला टेकवलेली. शिलाई मशीन. एकात एक बसणाऱ्या सहा ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची उतरंड. फुलांची नक्षी असलेल्या तामचिनीच्या परातींचा ढीग. दोन मोठ्या सुटकेसमध्ये कापडं. माझ्या गुडघ्याच्या वर येणारं अखंड लाकडाचं उखळ आणि त्यातून डोकावणारं मुसळ. काळ्या दगडाचा पाटा, मध्ये झिजून खोलगट झालेला. केरसुणी. आमच्याकडच्या खराट्यासारखीच, माडाच्या हिरांची.

"लिहून घेऊ का?" मी विचारलं.

"घे की. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचंच असतं ते," आंटी म्हणाल्या आणि गादीच्या कडेवर टेकल्या. "याला इदू उनो म्हणतात. इदू म्हणजे कुणाला तरी सोबत करत पोचवणं. उनो म्हणजे घर. मुलीला तिच्या घरापर्यंत पोचवायचं."

"हे मुलाकडचे मागतात?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं मी काहीतरी अश्लील बोलले. "मागतात? मागायला लागले तर आम्ही पोरगीच देणार नाही. मागायची यादी आमची असते, त्यांची नाही."

"आणि मग हे कुणाचं होतं? नवऱ्याचं?"

"तिचं. यातला चमचासुद्धा त्यांचा नाही. उद्या काही बिनसलं, तर ती हे सगळं उचलून निघू शकते. म्हणून तर गावासमोर वाचायचं, कुणी नंतर 'हे आमचं' म्हणायला नको." त्यांनी पाट्यावरून हात फिरवला. "हा माझ्या आईने मला दिलेला. विमानातून आणताना कस्टम्सवाल्यांनी विचारलं, हे काय हत्यार आहे का. बाकी मी जमवत गेले. चिनेलो नऊ वर्षांची होती तेव्हापासून, दर वर्षी एक वस्तू. पातेली माळ्यावर होती. ती विचारायची, मम्मी, या भांड्यांत आपण का नाही करत? मी म्हणायचे, ती तुझी आहेत, माझी नाहीत."

मी दोन रकाने आखले होते. मागतं कोण, आणि मालकी कुणाची. दोन्ही भरले. मग राहून राहून वाटणारा प्रश्न विचारला.

"अंकलना सगळ्यात काय लागलं?"

आंटींनी बागेकडे पाहिलं. अंकल एका कुंडीतली माती उगाचच दुसऱ्या कुंडीत घालत होते. "तो म्हणतो, जिच्याबरोबर काही येत नाही, तिच्यामागे माणसं नाहीत असं धरतात. कुणी तरी तिच्यावर आवाज चढवेल, आणि म्हणेल, तू आलीस काय घेऊन? एक पर्स. मग माझी पोरगी कशावर उभी राहणार?"

"पण आमच्या घरी असं कुणी म्हणणार नाही."

"तू नाही म्हणणार. पण 'परत करू' असं लिहिलं ना तुझ्या बाबांनी." त्या उठल्या. "आल्यागेल्याला आम्ही कोला देतो, ते फळ असतं ना, ते. बघ, आज तुझ्यासमोर आलं नाही. तो रागावला की कोला कपाटातून बाहेर येत नाही. तुझ्या बाबांना सांग, मेलवर दुसरा मेल नको. अशा गोष्टीला स्वतः चालत यावं लागतं. आणि सोमवारच्या आत."

शनिवारी सकाळच्या ट्रेनने मी वॉटफर्डला गेले. बाबा डायनिंग टेबलावर बसले होते, समोर न वाचलेला पेपर. बाबा भूलतज्ज्ञ आहेत. तीस वर्षं लोकांना शांत झोपवून परत नीट जागं करण्याचं काम केल्यामुळे त्यांचा चेहरा सहसा काही सांगत नाही. त्या दिवशी सांगत होता.

मी माझा कागद मांडला. दोन रकाने समजावले. हुंडा मागितला जातो, हे मागता येत नाही. हुंडा सासरचा होतो, हे तिचं राहतं. दोन्ही निकषांवर वेगळं.

"निकष चांगले आहेत," बाबा म्हणाले. "पण हुंडा घेणारा कधी 'हुंडा' म्हणतो का गं? 'आम्हाला काही नको हो, तुमच्या मुलीच्या संसारासाठी काय ते द्या.' अगदी हेच शब्द. मी लहानपणी ऐकलेत."

त्यांनी ऐकलेत हे मला माहीत होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. सुलक्षणा आत्याच्या लग्नात मुलाकडच्यांनी मांडवात स्कूटर मागितली आणि ती मिळेना म्हणून वऱ्हाड उठून गेलं. आत्याने पुन्हा लग्न केलं नाही. साताऱ्याला एका शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. त्यानंतर नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी ठरवलं, आपल्या उंबऱ्याच्या आत सुनेच्या माहेरची काडीसुद्धा येणार नाही. आणि तसंच केलं. बाबांच्या लग्नात आईच्या गाडीमागून कऱ्हाडहून रुखवताचा टेम्पो आला, तेव्हा नाना फाटकात उभे राहिले आणि टेम्पो तसाच परत पाठवला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकलीय. गणपतीत, वाढदिवसाला, मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये. बाबा सांगतात आणि ऐकणारे म्हणतात, "व्वा, काय माणूस!"

या वीसही वेळा आई खोलीत नसायची. चहा टाकायला, लिंबू कापायला, कुणाचा कोट शोधायला गेलेली असायची. एवढी निरीक्षणं हाताशी असून मी त्यांतून काहीच काढलं नव्हतं.

त्या दिवशीही ती ओट्यापाशी होती, पण गेली नाही. पाठमोरीच म्हणाली, "पाटा होता का गं त्यांच्यात?"

"हो. मध्ये झिजलेला."

"आणि पातेली? किती?"

"सहा. एकात एक."

"नावं घातली होती का?"

"नाही. त्यांच्यात घालत नसावेत."

आईने गॅस बंद केला आणि तांदळाच्या डब्यातून वाटी काढून टेबलावर ठेवली. तांदूळ मोजायची आमची जुनी स्टीलची वाटी. अकरावीत असताना मी ती मोजली होती: काठोकाठ एकशे ऐंशी मिलिलिटर. तिच्या पोटावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांत अक्षरं आहेत, हेही मला माहीत होतं. भांड्यांवर नाव असतंच, म्हणून मी ती कधी वाचली नव्हती. आता वाचली. चि. सुप्रभा हिस, अप्पांकडून. सुप्रभा म्हणजे आई, अप्पा तिचे वडील.

"अशी एकावन्न भांडी होती," आई म्हणाली. "अप्पा दोन दुपारी त्या नाव घालणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. पंचायत समितीतून रजा काढून. तो 'सुप्रभा'तला रफार विसरतो म्हणून."

"रफार नाही, तो..." मी म्हणाले आणि गप्प बसले.

"बंब होता तांब्याचा. घागर, कळशी, सहा डबे उतरत्या मापाचे. आईने विणलेली मण्यांची तोरणं. पाटा-वरवंटा. अप्पा स्वतः टेम्पोत आले, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. खड्ड्यांत भांड्यांना पोचे पडतील म्हणून. शहाण्या माणसाने लेकीच्या वरातीमागून असं येऊ नये, सगळे सांगत होते. मी गाडीतून उतरले तेव्हा मागे बघितलं. नाना फाटकात उभे होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि अप्पा केबिनमध्ये बसले होते. ते उतरले नाहीत. मग ताडपत्री मागवली कुणाची तरी, टेम्पो झाकला आणि कऱ्हाडात मागच्या रस्त्याने घरी नेला. गल्लीतल्या लोकांनी बघू नये म्हणून. ही वाटी तेवढी माझ्या पर्समध्ये होती. तीत हळदकुंकवाची पुडी ठेवली होती."

बाबांनी समोरचा पेपर बाजूला सारला.

"नानांचं चुकलं असं नाही म्हणत मी," आई म्हणाली. "वन्संचं जे झालं, त्यानंतर कुणीही तेच केलं असतं. पण अप्पांना एक शब्द कुणी विचारला नाही, की अहो, हे काय आणलंय तुम्ही? कशासाठी? सगळ्यांना नाना दिसले. टेम्पोत काय होतं ते कुणालाच माहीत नाही. तुम्हालासुद्धा नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात."

बाबांनी वाटी उचलली, उजेडात धरली. "ही तर मी रोज बघतो."

"कुठे बघता? भात तुम्ही लावता का? ताटात आलेला बघता."

मला हसू आलं. बाबांनी वाटी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोन उचलला. मला वाटलं अंकलना लावतायत. दादाला लावला.

"अर्जुन, घरात टेप आहे का? मोजायची. खाली जा आणि जिना मोज. रुंदी, आणि वळणावरची जागा. छताची उंचीपण. अंदाजे नको."

रविवारी सकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. आईने बेसनाचे लाडू आणि चिवड्याचा डबा घेतला होता. बाबांनी टाय बांधला होता. मोटरवेवर ते एकदाच बोलले, "काय म्हणायचं असतं गं अशा वेळी?" आणि आई म्हणाली, "आधी बसा तरी."

उमेह अंकल पुढच्या खोलीत बसले होते, वॉर्डरोब आणि गादीच्या मधल्या जागेत, तीन खुर्च्या समोर मांडून. म्हणजे आम्ही येणार हे आंटींनी सांगितलं होतं. आम्ही बसलो. मी खोलीभर नजर फिरवली. कोला नव्हता कुठे. फक्त पाण्याचे ग्लास.

बाबांनी खिशातून कागद काढला. मला भीती वाटली की भाषण लिहून आणलंय.

"जिना एकोणनव्वद सेंटिमीटर रुंद आहे," ते म्हणाले. "तुम्ही सोमवारी विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं. वळणावर एकशे दहा बाय एकशे चार, छत दोनशे पस्तीस."

अंकलनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला तेवढंच विचारलं होतं आणि मी भलतंच उत्तर पाठवलं," बाबा म्हणाले. "ते परत घेतो. तुम्ही जे पाठवाल त्याला आमच्या घराचं दार उघडं राहील."

"का लिहिलंत तसं?" अंकलनी विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खरा होता.

बाबांनी सुलक्षणा आत्याची गोष्ट सांगितली. मांडव, स्कूटर, उठून गेलेलं वऱ्हाड. अंकल पुढे झुकून ऐकत होते. स्कूटरपाशी त्यांनी हात वर केला.

"थांबा. त्या लोकांनी मागितली? मुलाच्या बाजूने? मुलीच्या बापाकडे?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली होतीत?" ते आंटींकडे वळून इग्बोत काहीतरी भरभर बोलले. आंटींनी तोंडावर हात ठेवला. "आमच्याकडे त्याची खुर्ची काढून घेतली असती. खाली पाडला असता."

"मी लहान होतो म्हणून, नाहीतर मीच पाडला असता," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मग आई बोलली. तिचं इंग्रजी नेहमी थोडं सांभाळून असतं, पण तिने टेम्पोचं सगळं सांगितलं, ताडपत्रीसकट. तिने बाबांकडे पाहिलं नाही, अंकलकडेही नाही. आंटींशीच बोलत राहिली. आंटी उठून तिच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसल्या आणि तिचा हात धरून ठेवला. ताडपत्रीशी आल्यावर अंकल खाली मान घालून नुसते "नो, नो, नो" म्हणत राहिले, जणू तो टेम्पो आत्ता वळत होता आणि ते थांबवू बघत होते.

शेवटी त्यांनी घसा साफ केला. "वॉर्डरोबची खोली साठ आहे. उंची दोनशे दहा. वळणावर उभा फिरवावा लागेल."

"आडवा नेला तर?" बाबांनी विचारलं.

"आडवा अडकेल. द्या तो कागद."

दोघं त्या कागदावर वाकले. मी त्यांना कर्ण काढून दाखवणार होते, पण आईने माझा गुडघा दाबला. मी गप्प बसले, आणि तेव्हाच अंकल वर न बघता आंटींना म्हणाले, "कोला आण."

ताटलीत चार फोडींचं ते फळ आलं. अंकलनी ते हातात धरून काहीतरी म्हटलं, तोडलं, आणि पहिला तुकडा बाबांना दिला. "ओगो," ते म्हणाले. म्हणजे व्याही. बाबांनी चावलं, आणि तीस वर्षांचा तो निर्विकार चेहरा हिरडा खाल्ल्यासारखा वाकडा झाला.

"कसं आहे?" अंकल.

"कडू."

"बरोबर," अंकल म्हणाले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मी फोन काढून दादाला एवढंच लिहिलं: कोला आला. त्याला काही कळलं नसणार, पण चिनेलोला कळलं. तिकडून एकामागून एक बारा मेसेज आले, त्यातले नऊ नुसते इमोजी.

एकवीस तारखेला हॉलमध्ये चिनेलोच्या आत्याने माइकवरून एकेक वस्तू पुकारली. "पातेली, सहा!" आणि चारशे माणसं ओरडायची. घ्यायला आई उभी होती, नऊवारीत. प्रत्येक वस्तूला तिने हात लावायचा होता. केरसुणीला तिने हात लावून कपाळाला लावला, तेव्हा पलीकडच्या रांगेतल्या बायकांनी काय आरोळी ठोकली! बाबांना दादाने बजावलं होतं की दर वस्तूला थँक यू म्हणायचं नाही. चौथ्या वस्तूलाच ते विसरले.

दुसऱ्या दिवशी व्हॅन रीडिंगला आली. दुपारचे दोन वाजले होते आणि अगदी बारीक भुरभुर सुरू झाली होती. चिनेलोचा चुलतभाऊ मागचं दार उघडून आत चढला आणि उखळ-पराती झाकायला जुनी ब्लँकेटं ओढू लागला. आई फुटपाथवरून पुढे झाली.

"नको," ती म्हणाली. "उघडंच असू दे."

"आंटी, ओलं होईल."

"भांडी आहेत. पुसू की."

तो गोंधळून अंकलकडे बघायला लागला. अंकलनी ब्लँकेटं त्याच्या हातातून घेतली आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर टाकून दिली. मग दोन्ही दारं पूर्ण मागे सारली. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई गॅलरीत येऊन उभी राहिली, खालच्या मजल्यावरचे आजोबा कुत्रा घेऊन थांबले. आई व्हॅनच्या बाजूला उभी होती आणि हलत नव्हती. आजोबांनी विचारलं, "घर बदलताय का?" आईने त्यांना सांगितलं, "नाही, सून येतेय. हे तिचं आहे. सगळं."

वॉर्डरोब वळणावर उभा फिरवावा लागला. खालून बाबा, वरून अंकल, मधोमध दादा, आणि सगळ्यांच्या वर चिनेलो, "डॅडी, लेफ्ट, लेफ्ट! नॉट युअर लेफ्ट!" दोन सेंटिमीटर उरले. उखळ बाबांनी हट्टाने एकट्याने नेलं. त्याची किंमत त्यांनी पुढचे दोन दिवस सोफ्यावर आडवं पडून मोजली.

साडेतीनला सगळ्यांना भूक लागली. आंटींनी सहांपैकी सगळ्यात मोठं पातेलं धुवून गॅसवर ठेवलं आणि सुटकेसमधून एक दुधाचा रिकामा टिन काढला. त्यांच्याकडे भात टिनाने मोजतात. त्याच वेळी आईने पर्स उघडली आणि आपली वाटी काढली. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पाण्यात मोजून बघू?" मी म्हणाले. कुणी हो म्हणायच्या आत मी मोजलं. टिन एकशे सत्तर, वाटी एकशे ऐंशी.

"वाटीने घेऊ," आंटी म्हणाल्या. "माणसं जास्त आहेत. पण पाणी माझ्या हिशोबाने."

"मग लगदा होईल," आई मराठीत पुटपुटली, आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, विहीणबाई."

चिनेलोने वाटी हातात घेऊन त्यावरची अक्षरं बोटाने चाचपली. "मम्मी, काय लिहिलंय?" तिने माझ्या आईला विचारलं. आईने सांगितलं. मग चिनेलोने त्या वाटीने सात वेळा तांदूळ मोजून पातेल्यात घातले, हळू, एक दाणा सांडू न देता.

मला वाटत होतं, आता आई ती वाटी तिलाच देईल. सगळं त्याच दिशेने चाललं होतं. दादालाही तसंच वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "आई, ही इथेच राहू दे ना. इथल्या तांदळाच्या डब्यात."

आईने वाटी धुतली, पदराने आतून-बाहेरून कोरडी केली आणि परत पर्समध्ये ठेवली. चेन ओढली.

"नाही हं," ती म्हणाली. "ती माझी आहे."

आंटी एकदम मोठ्याने हसल्या आणि अंकलना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. अंकलनी गादीवर आडवे पडल्या पडल्या हात वर केला, जणू हे तर ठरलेलंच होतं. भात थोडा मऊच झाला. सगळ्यांनी दोनदा घेतला.